जव्हार-मोखाड्यातील मूल आणि त्याची शाळा

(शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)



शाळेविषयी बोलावयाचे म्हटले की सर्वसाधारणपणे इमारत, पटसंख्या, निकाल आणि रिक्त पदे या चार गोष्टींविषयी बोलले जाते. त्या महत्त्वाच्या आहेतच. परंतु हजेरीपटावर ज्याचे नाव आहे ते मूल सकाळी वर्गात येऊन बसते, तेव्हा ते काय खाऊन आले आहे, कोणत्या बोलीत विचार करीत आहे, रात्री त्याला झोप लागली होती की नाही आणि पुढच्या महिन्यात ते याच गावात असणार आहे की नाही, याची नोंद घेणारा रकाना कोणत्याही पत्रकात नाही. आजचा विषय त्या न छापलेल्या रकान्यांचा आहे.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याचे पूर्वेकडील डोंगराळ तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात मोडत. जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी. ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार असून त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या येथील प्रमुख जमाती. गाव म्हणजे येथे एकसंध वस्ती नव्हे. एकेका टेकडीवर, एकेका ओहोळापलीकडे विखुरलेल्या पाड्यांना मिळून गाव म्हणावयाचे. नकाशावर शाळा गावात असते. पाड्यावरच्या मुलाच्या दृष्टीने ती ओढ्यापलीकडे असते, आणि आषाढात तो ओढा उतरू देत नाही.

शाळा उघडते तेव्हा

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. हे वेळापत्रक कोणी दुष्टपणाने केलेले नाही; परंतु या डोंगराळ भागात वर्षातील अत्यंत ओढगस्तीचे दिवस नेमके त्याच सुमारास सुरू होतात. गेल्या हंगामातील नागली व वरई कणगीच्या तळाशी गेलेली असते. भाताची आवणी आणि नागलीची लावणी अंगावर आलेली असते. आईबाप उजाडताच शेतावर जातात आणि तान्ह्या भावंडाला सांभाळण्यासाठी आठनऊ वर्षांची मुलगी घरी थांबते. रानातील शेवळे, कवळा, करटोली यांवर आणि वारंवार उकळून कडूपणा काढलेल्या कंदांवर कित्येक घरांचे दिवस निघतात. सप्टेंबरअखेर हळवे पीक हाती येऊ लागते, तेव्हा कोठे घरात धान्याचा वास येतो. म्हणजे पहिल्या सत्रातील अभ्यासाचा मोठा भाग पोटाच्या ओढीच्या काळात पार पडतो.

या भागातील कुपोषणाचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंमुळे तोच प्रश्न पुन्हा पुढे आला. त्या त्या वेळी पथके आली, योजना आल्या, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार आणि सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना अंडी किंवा केळी मिळू लागली. हे सर्व सहाव्या वर्षापर्यंतच्या बालकांविषयी झाले. परंतु जे बालक कुपोषणातून वाचले, ते पुढे कोठे जाते? ते पहिलीच्या वर्गात येऊन बसते. अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याचे वजन, उंची, आजारपण यांचा सहा वर्षांचा इतिहास असतो. सातव्या वर्षी ती वही अंगणवाडीतच राहते आणि शाळेत कोरी वही सुरू होते. शिक्षकासमोर बसलेले मूल का पेंगते, त्याला अक्षर का आठवत नाही, याचे उत्तर पन्नास पावलांवरच्या कपाटात बंद असते. अंगणवाडी सेविकेने जूनमध्ये पहिलीच्या शिक्षकास वर्गातील मुलांची वजनउंचीची यादी द्यावी, एवढ्या साध्या गोष्टीस निधी लागत नाही, नवा आदेशही लागत नाही.

शाळेतील भोजनाची योजना केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू केली. आरंभी मुलांना कोरडे धान्य मिळे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच दिले पाहिजे असा आदेश दिला आणि खिचडीचे पातेले शाळेत आले. प्राथमिक वर्गांतील मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिक वर्गांतील मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. प्रमाण ठरले; वेळेचा विचार मात्र कमी झाला. आदल्या रात्री भाकरीचा तुकडा खाऊन निजलेले मूल सकाळी काही न खाता दोनअडीच मैल चालून येते आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत पाढे म्हणते. त्या अवधीत त्याच्याकडून एकाग्रतेची अपेक्षा करणे हे रिकाम्या चुलीवर भाकरी भाजण्यासारखे आहे. काही शिक्षक स्वतःच्या समजुतीने पातेले लवकर चढवतात, काही ठिकाणी गावातील स्त्रिया सकाळी नागलीची आंबील करून देतात. असे करणारी शाळा निकालात मागे पडली असे अद्याप ऐकिवात नाही.

याच संदर्भात लोहाच्या साप्ताहिक गोळ्यांचा उल्लेख केला पाहिजे. ही गोळी उपाशी पोटी दिली की मुलाला मळमळते, एक मूल ओकते, ते पाहून दहा मुले नाही म्हणतात आणि 'मुले गोळ्या घेत नाहीत' असा शेरा पडतो. गोळी जेवणानंतर द्यावी, एवढेच त्यावर औषध. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट हे जंतनाशक गोळीचे दिवसही केवळ छायाचित्रापुरते नसावेत. आदिवासी समाजात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकाराची जाणीव तर प्रत्येक शिक्षकाला असावयास हवी. सांधे दुखतात म्हणून खेळाच्या तासाला बाजूला बसणारे, वरचेवर तापाने गैरहजर राहणारे मूल आळशी ठरवले जाते. थंडी, तहान आणि अतिश्रम यांनी या विकाराच्या वेदना उफाळून येतात. अशा मुलास पाणी वारंवार प्यावयास लावणे हाच त्याच्या शिक्षणाचा पहिला पाठ होय. रक्ततपासणी आरोग्य पथकाने करावयाची, परंतु तपासणीसाठी कोणते मूल पुढे आणावयाचे हे शिक्षकाच्या नजरेवरच अवलंबून असते.

कोसबादच्या टेकडीची शिकवण

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी फार दूर जावयास नको. याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, कोसबादची टेकडी आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली होती. शहरातील बालशिक्षणाचा अनुभव गाठीशी बांधून त्या १९४५ मध्ये बोर्डी येथे आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू झाले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबादला, प्रत्यक्ष आदिवासी वस्तीत, गेले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांच्या कामातील शास्त्र मात्र तितकेसे ठाऊक नसते.

मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही; बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द या कृतीतून जन्मला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तो देशभर गेला. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली आणि 'कुरणशाळा' झाली. धाकट्या भावंडामुळे मोठी बहीण अडते हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका आवारात आणून 'विकासवाडी' उभी राहिली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि मोठी मुलगी वर्गात! शिंपले, खडे, बिया आणि पाने हे तेथील शैक्षणिक साहित्य होते. शिकवण्याच्या आधी मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे चाले. त्या काळी काहींना ते आयाबाईचे काम वाटले असेल. वस्तुतः मुलाच्या अंगाला मायेने हात लावल्याशिवाय त्याच्या मनाला हात घालता येत नाही, हे त्या दोघींना उमगले होते.

विकासवाडीची ती योजना आज आठवण्याचे कारण असे की, जव्हार-मोखाड्यात आवणीच्या दिवसांत गळणारी हजेरी ही पुष्कळशी मोठ्या बहिणींची हजेरी आहे. अंगणवाडी आणि शाळा यांच्या वेळा एकमेकींशी जुळवून घेतल्या, तर त्यांतील कित्येक मुली वर्गात दिसतील. दोन खात्यांच्या दोन वेळा असल्यामुळे एका मुलीचे शिक्षण बुडावे, हे काही पटण्यासारखे नाही.

घरची बोली, शाळेची भाषा

पहिलीत आलेले मूल गप्प बसते, म्हणून ते मंद आहे असा समज होतो. तेच मूल पाड्यावर गेले की बोलत सुटते. वारली, कोकणा, कातकरी व ठाकरी या बोलींतील नात्यांची नावे, क्रियापदांची रूपे आणि रोजच्या वस्तूंचे शब्द पुस्तकी मराठीहून इतके वेगळे आहेत की पहिले काही महिने मुलाला शिक्षकाचे निम्मे बोलणे कळतच नाही. न कळणाऱ्या भाषेत पाच तास बसून राहण्याची कल्पना प्रत्येकाने करून पाहावी. मन अस्वस्थ होण्यास आणखी कारण कशाला हवे? युनेस्कोने १९५३ मध्येच प्रारंभिक शिक्षण मातृभाषेतून असावे असे प्रतिपादन केले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात 'शक्यतो मातृभाषेतून' शिक्षण असावे असे म्हटले आहे आणि त्याच कलमात, त्याच श्वासात, मूल भय, धास्ती व चिंता यांपासून मुक्त असावे असेही म्हटले आहे. या दोन अटी शेजारीशेजारी याव्यात, यात अर्थ आहे.

बोलीचा उपयोग म्हणजे प्रमाण मराठीला फाटा देणे नव्हे. आरंभी बोली, मग दोहोंचा मेळ, आणि दुसरी-तिसरीपर्यंत सफाईदार मराठी, असा हा पूल आहे. वाडा तालुक्यातील सोनाळे येथे २००७ पासून काम करणाऱ्या 'क्वेस्ट' या संस्थेने अंगणवाड्यांतून व आश्रमशाळांतून गोष्टी, गप्पा आणि चित्रे यांच्या आधारे भाषाशिक्षणाचे पुष्कळ काम केले आहे. तिच्या 'गोष्टरंग' उपक्रमात कलावंत मुलांसमोर गोष्टी साभिनय सादर करतात आणि मग पुस्तक मुलांच्या हाती येते. गोष्ट ऐकताना जे मूल हसते, ते वाचावयास भीत नाही. डहाणू तालुक्यातील ऐने येथे ग्राममंगलनेही पूर्वीपासून हीच दिशा धरली आहे.

शिक्षकाने बोली शिकावी कशी? त्याचे गुरुजी वर्गातच बसलेले असतात. मुलांकडून रोज पाच शब्द विचारून घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात लिहिणारा शिक्षक दिवाळीपर्यंत पाड्यावर बोलू लागतो. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, शिक्षकाला जे येत नाही ते आपल्याला येते, हे मुलाला प्रथमच कळते. तारपा, कणसरी देवी, मोखाड्याचा बोहाडा आणि त्यातील मुखवटे हे सारे पाठ्यपुस्तकात नसले तरी वर्गात येऊ शकते. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचा संगीत नाटक अकादमीने गौरव केला. असा वादक शाळेच्या आवारात येऊन वाजवू लागला, तर कोणते मूल त्या दिवशी घरी थांबेल?

आश्रमशाळेतील रात्र

आश्रमशाळांनी आदिवासी समाजात अक्षरओळख नेली, हे निर्विवाद आहे. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आणि त्याहून काही अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. जव्हार येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेत जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे तालुके येतात. या भागातून आज जे शिक्षक, परिचारिका, तलाठी व पोलीस तयार झाले, त्यांतील पुष्कळांचे बालपण आश्रमशाळेतच गेले. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. आश्रमशाळेची पाहणी बहुधा दिवसा होते आणि मुलाची खरी परीक्षा रात्री असते.

सहा वर्षांचे मूल जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन येते. पाड्यावर ते आईच्या कुशीत, चुलीच्या उबेला निजत होते. येथे मोठ्या दालनात शंभर अनोळखी मुले, बाहेर मुसळधार पाऊस, वीज गेलेली, आणि प्रसाधनगृह अंगणापलीकडे. काळोखात जावयाचे भय वाटते म्हणून मूल अंथरूण ओले करते. सकाळी मोठी मुले हसतात, कोणी मोठा माणूस रागावतो. दुसऱ्या रात्री भीती दुप्पट होते आणि अंथरूण पुन्हा ओले होते. तिसऱ्या दिवशी ते मूल कुंपणाखालून निघून पाड्याची वाट धरते. वाटेत नाले भरलेले असतात. हजेरीपटावर 'गैरहजर' एवढाच शब्द येतो. आपण जे पाहिले ते त्या शब्दात कोठे आहे?

यावर इलाज खर्चिक नाहीत. प्रसाधनगृहाच्या वाटेवर रात्रभर जळणारा दिवा, वीज गेल्यास कंदील किंवा सौरदिवा. पहिलीच्या मुलाजवळ त्याच्याच पाड्यावरचे, त्याचीच बोली बोलणारे मोठे मूल झोपवण्याची व्यवस्था. सख्ख्या भावंडांना शक्यतो एकाच शाळेत प्रवेश. पहिल्या महिन्यात पालकांना आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी भेटू देण्याची मुभा. ओल्या अंथरुणाची वाच्यता न करता ते बदलणारी एखादी मायाळू कामाठी बाई असली, तर ती त्या शाळेतील सर्वांत उपयुक्त कर्मचारी समजावी. तिच्या वेतनश्रेणीवर जाऊ नये. खाटांचा प्रश्न हा केवळ सोयीचा नव्हे. पावसाळ्यात जमिनीवर निजणाऱ्या मुलास मण्यारीसारख्या सर्पाचा धोका असतो, आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही.

आजारी मुलाविषयी अधिकच दक्षता हवी. ताप आला की पालकांना बोलावून मूल घरी धाडण्याची रीत जुनी आहे. घर म्हणजे वाहतुकीची सोय नसलेला पाडा. तेथे आधी भगताकडे आणि मग, पाऊस उघडल्यास, दवाखान्यात. त्यात जे दिवस जातात ते कधीकधी परत मिळत नाहीत. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २०१६ मध्ये आला आणि आरोग्यतपासणी व तातडीचे उपचार यांतील उणिवांकडे त्याने लक्ष वेधले. तापाचे मूल आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पालक तेथेच, हा क्रम अंगवळणी पडावयास हवा. भगताशी भांडण काढण्याचेही कारण नाही. त्याने अंगारा लावावा आणि मुलाला घेऊन दवाखान्याच्या दारापर्यंत बरोबर यावे. अशी समजूत पटवता येते. ती पटवणारे शिक्षक आहेत.

मोठ्या मुलींचे प्रश्न निराळे. मासिक पाळीचे दिवस, पाण्याची टंचाई, दार नीट न लागणारे स्नानगृह यांविषयी मुलगी पुरुष शिक्षकाशी बोलत नाही आणि स्त्री अधीक्षिकेचे पद रिकामे असेल तर कोणाशीच बोलत नाही. गप्प होत जाणारी, वजन घटणारी, सुट्टीनंतर परत यावयास नाखूश असलेली मुलगी काहीतरी सांगत असते. बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा प्रकाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे बंधनकारक कर्तव्य आहे. शाळेची बदनामी हा विचार तेथे गौण ठरतो. बालकांसाठीचा १०९८ आणि मनःस्वास्थ्यविषयक सल्ल्यासाठीचा १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक मुख्याध्यापकाच्या खोलीत नव्हे, मुलींच्या दालनाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले असावेत, आणि ते लावता येईल असा दूरध्वनी मुलांच्या हाताशी असावा. शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई करते. छडी पुष्कळ ठिकाणी गेली. 'तुम्ही जंगली ते जंगलीच राहणार' यासारखे वाक्य मात्र अजून अधूनमधून कानी येते. त्याचा वळ दिसत नाही, एवढाच फरक.

दिवाळीनंतर रिकामे होणारे पाडे

भात आणि नागली झोडून झाली की जव्हार-मोखाड्यातील शेकडो कुटुंबे घराला काटी लावून निघतात. भिवंडी, वसई, कल्याणकडील वीटभट्ट्या, बांधकामे, नाशिककडील द्राक्षबागा ही त्यांची ठिकाणे. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परत येणे नाही. काहीजण शिमग्याला येऊन जातात, बाकीचे पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात, कारण मागे ठेवावयाचे कोणाजवळ? वर्षातून पाच-सहा महिने शाळेबाहेर राहिलेले मूल जूनमध्ये पुन्हा वर्गात येते तेव्हा त्याचे सोबती पुढे गेलेले असतात. दोन वर्षे असे झाले की ते स्वतःच येईनासे होते. त्यास 'गळती' म्हणतात. जणू काही मूल आपोआप गळून पडले!

विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर 'भोंगा शाळा' सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी. शाळाही तशाच झोपडीत भरे. पुढे सर्व शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहांची व्यवस्था आली. त्यात मूल गावातच आजीआजोबांकडे किंवा नातलगांकडे राहते, दुपारचे जेवण शाळेत आणि सकाळ-संध्याकाळचे या व्यवस्थेतून मिळते. आईबापांपासून मूल तोडण्यापेक्षा आणि भट्टीवर नेण्यापेक्षाही ही रीत बरी. मात्र ती कुटुंबे निघण्यापूर्वी सुरू झाली पाहिजे. गाडी निघून गेल्यावर डिसेंबरात मंजुरी येऊन उपयोग नाही.

जी मुले जातातच, त्यांच्यासाठीही कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या ५ व्या कलमानुसार कोणत्याही कारणाने अन्यत्र जावे लागणाऱ्या मुलास दुसऱ्या शाळेत प्रवेश मागण्याचा हक्क असून मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो. दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ९ व्या कलमानुसार स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणाची आहे. त्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. जेथून मूल जाते तेथील शिक्षकाने ते भरून पालकाच्या हाती द्यावे आणि ज्या तालुक्यात मूल जाणार तेथील शिक्षण विभागास कळवावे. हे पत्रक मुलाच्या नावाने गेले की ते भट्टीवर केवळ 'मजुराचे पोर' राहत नाही.

उचलीच्या व्यवहाराला एक काळी बाजूही आहे. मोखाड्याच्या शेजारी, नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात, कातकरी कुटुंबांतील लहान मुलांना थोड्या पैशांच्या मोबदल्यात मेंढ्या राखण्यासाठी बांधून ठेवल्याची प्रकरणे २०२२ मध्ये उघडकीस आली. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झालेली आहे. त्या मुलांपैकी एखादे जर कोणत्या शाळेच्या पटावर असेल, तर ते एका सकाळी वर्गात आले नसेल. आठ दिवस, पंधरा दिवस. अशा वेळी शिक्षकाने विचारलेला पहिला प्रश्न हीच पुष्कळदा पहिली मदत असते.

पंचायतीचा वाटा

या तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे वैतरणा नदीवर बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचे २०१४ मध्ये लोकार्पण झाले आणि ते पाणी मुंबईस जाते. त्याच तालुक्यात मार्च उजाडला की मुली डोक्यावर हंडे घेऊन टेकडी उतरताना दिसतात आणि पाड्यांवर टँकर येतात. वार्षिक परीक्षेचा अभ्यास नेमका तेव्हाच असतो. पहाटे दोन खेपा घालून शाळेत आलेल्या मुलीची मान गणिताच्या तासाला का लवते, हे शिक्षण विस्तार अधिकाऱ्यापेक्षा सरपंचाला अधिक चांगले ठाऊक असते. म्हणून विहिरीचे खोलीकरण, पाड्यावरची टाकी, शाळेतील पाण्याची साठवण हे शिक्षणाचेच खर्च समजावेत. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने येथील ग्रामपंचायतींना पेसा कायद्याखालील पाच टक्के अबंध निधी मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण ही त्याच्या विनियोगाची मान्य बाब आहे. रस्त्याचे काँक्रीट सर्वांना दिसते. मुलींच्या स्नानगृहाची कडी कोणाला दिसत नाही, पण तिच्यावाचून मुलगी शाळा सोडते.

शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. सभेच्या इतिवृत्तावर अंगठे उमटतात; स्त्रियांचे बोलणे मात्र क्वचितच उमटते. समितीची सभा शाळेच्या कार्यालयाऐवजी पाड्यावर, संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेआधी घेतली तर काय होते, हे एकदा करून पाहण्यासारखे आहे.

आणि एक यादी. गावातील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे हे कायद्याच्या ९ व्या कलमानुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. त्या नोंदीत आणखी तीन गोष्टी लिहाव्यात : कोणते घर यंदा बाहेरगावी जाणार, कोठे जाणार आणि मूल मागे राहिल्यास कोणाजवळ राहणार. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा या तिघांनी पाडानिहाय फिरून ती भरावी आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. हंगामी वसतिगृहाची मागणी त्याच दिवशी ठराव करून पाठवावी. त्या सुमारास पाडा घरी असतो. नागली अजून शेतात उभी असते आणि मुकादमाची गाडी आलेली नसते.